आपली की त्यांची?

३ फेब्रुवारी

ही डायरी मीच छापली आहे. एका विमा कंपनीने दोनशे मागवल्या आणि छापून झाल्यावर 'आता आम्ही सगळं फोनवरच देतो' म्हणून उचलल्या नाहीत. पंधरा दिवस त्या गठ्ठ्याकडे बघून चरफडलो. आज त्यातली एक काढून लिहायला घेतली. दोनशे वर्षं जगलो तर पुरतील.

बाजारातल्या कार्डाच्या यंत्रांचा आज नववा दिवस. म्हणजे यंत्रं चालतात, गिऱ्हाइकाचे पैसे टुण्ण करून कापूनही घेतात, आमच्या खात्यात मात्र काही येत नाही. कंपनी सात समुद्रापलीकडे. फोन केला की एक बाई गोड आवाजात सांगते, तुमचा बाजार तपासणीखाली आहे. कसली तपासणी, ते तिलाही ठाऊक नाही. बेकरीवाली म्हणाली, पाव मी इथे भाजते, खाणारा समोरच्या घरात राहतो, मग आमच्या दोघांमधला पैसा समुद्र ओलांडून का जातो? माझ्या डोक्यात किडा शिरला.

६ फेब्रुवारी

पैसे सुटले. सोबत पत्र आलं की 'सुरक्षेचा खर्च वाढल्यामुळे' आता शंभरामागे दोनाऐवजी साडेतीन कापले जातील. आमचे पैसे अडवून ठेवायला त्यांना जो खर्च आला तो आम्हीच भरायचा. चोर तो चोर, वर शिरजोर.

संध्याकाळी एकतीस गाळेवाल्यांची सभा झाली, औषधवाल्या बाईंच्या दुकानामागच्या खोलीत. बाई आमच्या संघटनेच्या खजिनदार. बोलतात कमी, पण बोलल्या की समोरच्याला पुढचं वाक्य विसरायला होतं. अध्यक्ष चावीवाला. माझा शाळेपासूनचा मित्र, अख्ख्या गावाची कुलपं उघडतो आणि स्वतःच्या घराची किल्ली शोधत फिरतो.

विषय मीच काढला. रोज पेपरात वाचतो, मोठमोठे देशसुद्धा त्या जगभरच्या पैशाच्या जाळ्यातून अंग काढून घ्यायला बघताहेत, आपापल्या चलनात व्यवहार करायच्या गोष्टी करताहेत. मग एकतीस गाळ्यांनी का करू नये? रोख पैसा म्हणावा तर कोपऱ्यावरची बँक उठून गेली, तिचं पैसे देणारं यंत्रही गेलं. आणि रोख हातात आली की माणूस ती घेऊन मॉलमध्ये जातो. आपली स्वतःची नोट असेल तर ती इथल्या इथे फिरेल. गिऱ्हाइकाने बाईंकडे खरे पैसे द्यायचे, तेवढ्याच किमतीच्या आपल्या नोटा घ्यायच्या. कुठल्याही गाळ्यात त्या चालतील, आणि आपली नोट देईल त्याला शंभरामागे दोन सूट. खरे पैसे बाईंच्या लोखंडी पेटीत. ज्याला नको वाटेल त्याने नोटा परत करून पैसे घेऊन जावं.

वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, करा, पण तिला नोट म्हणू नका, खरेदीची चिठ्ठी म्हणा. सभेत सगळ्यांनी हे मान्य केलं आणि लगेच नोट कितीची असावी यावर भांडायला लागले.

छपाई मी करणार हे उघडच होतं. मी उभा राहून सांगितलं की माझं बिलही मी आपल्याच नोटांत घेणार, त्यांच्या पैशात नाही. टाळ्या पडल्या. घरी येऊन हे सांगितलं तर ही म्हणाली, "कागदवाला घेणार आहे का आपल्या नोटा?"

हिला टाळ्या ऐकूच येत नाहीत.

७ फेब्रुवारी

कागदवाल्याकडे गेलो. सुती कागद घेतला, जाड, बोटाला थोडा खरखरीत लागणारा. असा कागद मी शेवटचा कधी हातात धरला होता तेही आठवत नाही. दहा वर्षं हँडबिलं, पावतीपुस्तकं आणि 'गाळा भाड्याने देणे आहे'. निमंत्रणपत्रिका होत्या तोवर जरा हातात जान होती, त्याही फोनवर गेल्या. जुनं पण चांगलं नंबरिंग मशीनही त्याच्याकडेच मिळालं. दोन्ही मिळून आठ हजार झाले, जूनअखेरच्या, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांच्या वायद्यावर. आपल्या नोटा घेणार का, असं विचारलं. तो हसला आणि पावती फाडून दिली.

नदीपलीकडच्या दोन बाजारांनी चावीवाल्याकडे चौकशी केली आहे. तुमचं चाललं तर आम्हीही छापून घेऊ म्हणतात. तीन बाजारांचं काम मिळालं तर छापखाना तरतो. नाही मिळालं तर या पाच महिन्यांनंतर मी छपाईचं मशीन भंगारात काढतो, हे मी हिला अजून सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी

नोटेवर काय असावं यावर गेल्या आठवड्यातल्या सभेत तीन तास गेले. कुणी म्हणे मनोरा, कुणी म्हणे गरुड. मी म्हटलं, आपल्या बाजारात गरुड कधी भाजी घ्यायला आला होता का? हात काढू. बाजारातल्या माणसांचे काम करणारे हात. पाचाच्या नोटेवर चावीवाल्याचे, कानस धरलेले. दहाच्या नोटेवर बेकरीवालीचे, कणीक तिंबणारे. वीसवर टेलरचे. पन्नासाला कुणाचे घ्यावेत ते सुचेना. समोर ही वह्यांना टाके घालायला कागदांचे फर्मे दुमडत बसली होती, तेच काढले. कुणाचे तरी हवेतच ना.

चावीवाला म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण होऊ नये म्हणजे मिळवली." याला प्रत्येक गोष्टीत तोंड घालायची सवय आहे.

पहिले तीन ब्लॉक दोन-दोन दिवसांत कोरून झाले. पन्नासाच्याला आठ दिवस लागतील असं दिसतंय. त्यात रेषा जास्त आहेत.

१ मार्च

प्रूफ काढलं. दोन रंग, मागे बारीक जाळी, आणि दाब असा बसला की बोट फिरवलं तर नखांच्या कडासुद्धा कळतात. मी तीस वर्षं या धंद्यात आहे. असं काम माझ्या हातून झालेलं नाही.

बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "फारच छान झालीय हो." मग जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "फारच." बाईंकडून एवढी स्तुती म्हणजे काय विचारता.

घरी हिने पन्नासाची नोट उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, "अहो, जरा वाईट छापा."

मी कारण विचारलं नाही. तीस वर्षं टाके घातले म्हणून काही छपाई कळते असं नाही. गाढवाला गुळाची चव काय, हे ओठांवर आलं होतं, गिळलं. पण राग गेला नाही, जेवताना अर्धा घास तसाच राहिला.

१५ मार्च

आज नोटा निघाल्या. चार हजार. बाईंच्या काउंटरसमोर रांग लागली होती. बाजाराबाहेरचे लोकही आले. एका शाळामास्तरांनी चारही नोटांचे पाच-पाच संच घेतले. टेलर दुपारपर्यंत तीनदा आला, दर वेळी फक्त वीसच्या मागत. चावीवाला दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाचाची दाखवून, हात खाली ठेवून म्हणत होता, बघा, तोच अंगठा.

संध्याकाळी बाजारभर एकच प्रश्न ऐकू येत होता, आपली देता की त्यांची? तो ऐकत मी मुद्दाम दोन चकरा मारल्या.

माझ्या बिलाचे आठ हजार झाले. बाईंनी विचारलं, कोणत्या देऊ? म्हटलं, पन्नासाच्याच द्या, मोजायला सोप्या. एकशे साठ. टेबलाच्या खणात ठेवल्या.

२९ मार्च

बेकरीत मी आपली दहाची नोट दिली. बेकरीवालीने ती घेतली, पाहिली आणि गल्ल्यात न टाकता ओढणीच्या टोकाला बांधली. सुट्टे त्यांच्या पैशात दिले. म्हटलं, आपल्या नाहीत का? म्हणाली, येतात थोड्या.

खणातल्या नोटा मी अजून काढलेल्या नाहीत. छापणाऱ्याजवळ नमुने असावेतच. बाजारात मी बाहेरून हातात आलेल्या, जरा मळलेल्या नोटा वापरतो, त्यात गैर काही नाही. घरखर्च सध्या हिच्या शाळेच्या वह्यांच्या टाक्यांवर चाललाय. वहीवाले त्यांच्या पैशात देतात. असो, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

११ एप्रिल

कुठेतरी पाणी मुरतंय. नोटा दिसेनाशा झाल्या आहेत.

आज अर्धा दिवस बाजार पालथा घातला. एकतीस गल्ल्यांपैकी एकोणीस गल्ल्यांत आपली एकही नोट नव्हती. लोक पुन्हा कार्ड काढतात, यंत्र टुण्ण करतं, साडेतीन टक्के समुद्रापार. मी गाळेवाल्यांना विचारतो, नोटा गेल्या कुठे? सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

मला संशय त्या कार्ड कंपनीचा आहे. त्यांचा माणूस चोरून आपल्या नोटा गोळा करत असणार, बाजारात तुटवडा पडावा म्हणून. हे चावीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, त्यांना आपला बाजार नकाशात सापडत नाही, आणि ते नोटा गोळा करणार?"

त्याला जगाचं राजकारण कळत नाही.

१९ एप्रिल

छडा लागला, आणि लागला नसता तर बरं झालं असतं.

पँटची चेन बदलायला टेलरकडे गेलो. त्याच्या कापायच्या टेबलावर मोठी काच आहे. काचेखाली वीसच्या बावीस नोटा. ओळीने, सरळ, नंबरवारीने. मला म्हणाला, तेवढी चारशे एक नंबरची नोट मिळत नाहीये, तुझ्याकडे असेल तर दे, वर दोन देतो. मी विचारलं, या वापरत का नाहीस? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याची चेन काढून घ्यायला आलोय. "माझे हात आहेत ते. भाजीवाल्याला देऊ?"

तिथून चावीवाल्याकडे. त्याने पाचाच्या नोटा नातवंडांना वाटल्या आहेत, प्रत्येकाला एक, आणि एक बहिणीच्या मुलीला परगावी पाठवली. बेकरीवालीने दहाची फ्रेम करून भट्टीपासून लांब, धूर लागणार नाही अशी टांगली आहे. शाळामास्तर त्यांचे संच पुस्तकांत ठेवतात. एका आजीबाईंनी सांगितलं, नोटा फारच सुबक आहेत बाळा, मी डब्यात जपून ठेवल्यात, मळायला नकोत म्हणून त्यांच्याच पैशाने खरेदी करते.

नोट ही जपून ठेवायची गोष्ट आहे का? एवढी अक्कल एवढ्या माणसांत कुणालाच नसावी? मी छापली फिरण्यासाठी. घरी येऊन हिच्यापुढे तासभर बोललो. ती वह्या मोजत होती. मधेच म्हणाली, "बरोबर आहे. जपून ठेवणाऱ्यांचं चुकतंच." मला वाटलं, पहिल्यांदा कुणाला तरी पटलं.

५ मे

नदीपलीकडचे बाजारवाले येऊन बघून गेले. फिरले, गल्ले पाहिले, बाईंशी बोलले. जाताना प्रत्येकाने बाईंकडून एकेक संच विकत घेतला. काम मात्र देत नाहीत. म्हणतात, तुमची नोट चालत नाहीये.

दुष्काळात तेरावा महिना म्हणजे आजच कागदवाल्याचा निरोप आला की वायदा तीस जूनचा आहे, तीस जून म्हणजे तीस जून. छापखान्यात दिवसभर एकटाच बसलो. पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनला तेल घातलं. छपाई काहीच नव्हती, तरी घातलं.

हिला मशीन विकण्याबद्दल आज सांगणार होतो. नाही सांगितलं.

२३ मे

सभा. बाईंनी हिशेब मांडला. बाजारातल्या सगळ्या गल्ल्यांत मिळून आपल्या नोटा दोनशे अकरा. निघाल्या होत्या चार हजार. परत करून पैसे न्यायला आजवर कोणीही आलेलं नाही. सगळे खरे पैसे पेटीत तसेच आहेत.

मी म्हटलं, आणखी छापू. बाई म्हणाल्या, "छापा ना. त्याही लोक घरी नेतील. पेटी आणखी भरेल." चावीवाला म्हणाला, मग बरंच आहे की, हा धंदा वाईट नाही. सगळे हसले. मला ते हसणं सहन झालं नाही.

मी उठून बोललो. चित्रं विकायला मी बसलेलो नाही, असं सांगितलं. तुम्हाला स्वतःचा पैसा उभा करायचा होता, तो तुम्ही भिंतीवर टांगलात. त्या कंपनीने तुम्हाला साडेतीन टक्क्यांत विकत घेतलंय आणि तुमची लायकी तेवढीच आहे. नाव घेऊन टेलरला बोललो, बेकरीवालीला बोललो. ती बिचारी रडवेली झाली. मी म्हटलं, ज्यांनी ज्यांनी नोटा दडवल्या आहेत त्यांनी उद्या बाजारात आणून ओता, म्हणजे कळेल कोण आपला आणि कोण त्यांचा.

ही मागच्या खुर्चीवर होती. ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, "पन्नासाच्या एकूण पाचशे छापल्या. त्यातल्या एकशे साठ आमच्या टेबलाच्या खणात आहेत. मी मोजल्यात."

टेलर खाली बघत होता. तो हसला असता तर मी त्याच्याशी भांडू शकलो असतो.

२४ मे

हिच्याशी बोलणं बंद.

नमुने आणि साठा यांत फरक असतो हे तिला समजायला हवं होतं. शिवाय त्या माझ्या मजुरीच्या आहेत. माणसाने आपली मजुरी जपून ठेवली तर तो चोर होत नाही. टेलर वेगळा. टेलरने छापल्या नव्हत्या.

२७ मे

खण उघडला. एकेक उलटून पाहिली. एकही नोट मळलेली नाही, एकीलाही घडी नाही.

मी बाजारातून काय आणलं या अडीच महिन्यांत? पाव, दाढीची पाती, एकदा चप्पल. एवढंच आठवतं.

घरात आलो तर ही वह्यांना टाके घालत होती. बोटाला चिकटपट्टी होती. विचारलं, काय झालं? म्हणाली, सुई लागली, परवाच. म्हणजे मी परवा बघितलं नव्हतं. बोलणं बंद होतं ना.

मग सांगून टाकलं सगळं. मशीन, वायदा, भंगारवाला. ती म्हणाली, "माहीत आहे. भंगारवाला घरी येऊन भाव सांगून गेलाय. तुम्ही आंघोळीला होतात."

२ जून

बाजारात नोटीस लागली. ही नोट बंद होणार, तीस जूनच्या आत नोटा परत करून पैसे न्यावेत. परत आलेल्या नोटेला भोक पाडून ती बाद करण्यात येईल. नोटीस माझ्याकडूनच छापून घेतली. बाई म्हणाल्या, घाईत लावायचीय, साधीच छापा. मी साधीच छापली.

२८ जून

गेलो. दुसरा मार्ग नव्हता. ही बरोबर आली, मी नको म्हटलं तरी.

महिनाभरात बाईंकडे आतापर्यंत एकच माणूस आला होता, आणि तो फाटकी नोट देऊन कोरी मिळेल का विचारायला आला होता. परत करून पैसे घेणारा पहिला माणूस मी. ज्याने छापल्या तो. काउंटरपाशी औषधं घ्यायला दोघं-तिघं उभे होते, त्यांनी गठ्ठा पाहिला आणि एकजण म्हणाला, अहो, मला द्या, मी घेतो सगळ्या. बाईंनी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. म्हणाल्या, यांच्या हातून परत आलेली नोट पुन्हा बाहेर जाणार नाही, नोटीस सगळ्यांना सारखी आहे. त्यांचं बरोबर होतं आणि मला त्यांचा अतोनात राग आला.

बाईंनी नोटा मोजल्या, आठ हजार मोजून समोर ठेवले आणि फायलींना भोकं पाडायचं यंत्र माझ्याकडे सरकवलं. कदाचित मान म्हणून सरकवलं असेल. मी पहिली नोट त्यात घातली. सरळ बसेना. नोटच जाड. दुसऱ्यांदा घातली. भोक नेमकं मनगटाच्या रेषेवर येत होतं. त्या एका मनगटाला मी तीन दिवस घेतले होते. एकीकडे बांगडीचा व्रण आहे तिथे, तो कोरताना दोनदा ब्लॉक बिघडला. हे कुणालाही माहीत नाही. मी यंत्र दाबलं नाही. दाबू शकलो नाही, असं स्पष्टच लिहितो.

हिने माझ्या हातातून यंत्र घेतलं. दहा-दहा नोटांचा थर करायला गेली, तो मावेना, मग चार-चारचा केला. ठक, ठक, ठक. एकशे साठ नोटा, चाळीस वेळा. मी मोजत उभा होतो. शेवटच्या थरापाशीही ती थांबली नाही. पडलेल्या गोल टिकल्या काउंटरवरून हाताने गोळा करून तिने बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि मला म्हणाली, "चला, कागदवाला साडेपाचला दुकान बंद करतो."

रस्त्याने मी तिला म्हटलं, त्या तुझ्यासाठी काढल्या होत्या. आयुष्यात असं काही मी तिला बोललेलो नाही. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. म्हणून तर म्हटलं होतं, वाईट छापा."

कागदवाल्याचे पैसे चुकते झाले. मशीन राहिलं.

९ जुलै

बाई आणि चावीवाला छापखान्यात आले. चावीवाला बसत नव्हता, म्हणजे काहीतरी अवघड मागायचं होतं. पेटीत अजून बावन्न हजार आहेत, न्यायला कोणी येत नाही, नोटा कुणालाच सोडायच्या नाहीत. संघटना ते पैसे तसेच राखून ठेवणार, उद्या कुणी आलाच तर. पण नोट पुन्हा काढायची. फक्त या वेळी वेगळी.

बाईंनी खिशातून कागद काढला. पिवळा, हँडबिलाचा, सगळ्यात स्वस्त. एकच रंग. वर आकडा, खाली नंबर, बाकी काही नको. आणि कोपऱ्यात तारीख. मी विचारलं, तारीख कसली? म्हणाल्या, "औषधावर असते तशी. तीन महिन्यांनी बाद. ठेवून काय करतील?"

नोटेला मुदत. नासणारा पैसा. मी त्यांना सांगितलं की असली गोष्ट माझ्या छापखान्यातून बाहेर पडणार नाही, गावात आणखी छापखाने आहेत. बाई म्हणाल्या, आहेत, आणि वाईट त्यांनाही छापता येईल, पण तुमच्याकडून झाली तर बाजाराला बरं वाटेल. चावीवाला दारातून म्हणाला, "बिल त्यांच्या पैशात देऊ रे."

रात्री जेवलो नाही. भूक नव्हती असं हिला सांगितलं.

१३ जुलै

छापली. चार तासांत सहा हजार. अक्षरांचे खिळे झिजलेले होते ते तसेच लावले. पाचाचा आकडा जरा तिरपा बसलाय. सरळ करायला हात गेला होता, आवरला. वाईट छापणं किती अवघड असतं हे तीस वर्षांत कळलं नव्हतं. ही कापून गठ्ठे बांधत होती, तिनेही पाचाकडे पाहिलं आणि गठ्ठा बांधला.

३ ऑगस्ट

चालतेय. त्याचाच राग येतोय.

बाईंच्या म्हणण्याप्रमाणे एकेक नोट आठवड्यात चार-चार हात फिरते. टेलर घेतो आणि तासाभरात भाजीवाल्याला देतो, बघतसुद्धा नाही. बेकरीवालीच्या गल्ल्यात ढीग असतो, ओला हात लागून कडा काळ्या. कार्डाच्या यंत्रांवर धूळ बसायला लागली आहे. नदीपलीकडच्या दोन्ही बाजारांचं काम आलं. दोघांनाही पिवळ्याच हव्यात. त्यांनी बजावून सांगितलं, चित्रबित्र नको.

बेकरीवालीची मी माफी मागितली. ती म्हणाली, फ्रेम मी काढणार नाहीये हं. मी म्हटलं, नका काढू.

१७ ऑगस्ट

आज पाव घ्यायला गेलो तर पुढे एक नवीन गिऱ्हाईक होतं. नव्याने इकडे राहायला आलेली बाई असावी. बेकरीवालीने तिला सुट्टे म्हणून पाचाची पिवळी दिली. चारदा दुमडलेली, चिकटपट्टी लावलेली, तिरप्या आकड्याची. त्या बाईने ती दोन बोटांत धरली आणि विचारलं, "ही असली भिकार नोट छापली तरी कुणी?"

बेकरीवालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर, भट्टीपासून लांब, ती दुसरी टांगलेली होती. मी सांगितलं, काही कल्पना नाही बुवा. ती बाई म्हणाली, चालते ना पण? म्हटलं, चालते. तिने ती पर्समध्ये कोंबली आणि निघून गेली.

मला सुट्टे म्हणून तशाच दोन मिळाल्या. एकीवर कुणीतरी पेनाने बेरीज केली होती. घरी येऊन त्या हिच्या हातात दिल्या आणि सांगितलं, संध्याकाळच्या आत खर्च करून टाक.